घाटावरचं ‘येस’

तुमची आई फोनवर सांगत होती, की व्हिडिओ कॉलवर धाकट्या आजीला हाक मारली की ती पडद्याच्या बाहेरून ‘येस’ म्हणते आणि तुम्ही दोघं हसता. शाळेची पायरी न चढलेली आजी इंग्रजी बोलते म्हणून. ते इंग्रजी नाही. धाकटी आजी शिरपूरकडची, धुळे जिल्ह्यातली. तिकडे अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येते’. किंवा ‘येतो’. बाई म्हणो की पुरुष, शब्द तोच.

हा शब्द आपल्या घरात फार वर्षं वस्तीला आहे, म्हणून तो एकदा नीट लिहून ठेवते. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. एखाद्या शब्दाचा अर्थ लागत नसेल, तर तो कोणी म्हटला, कोणाला म्हटला आणि कशाच्या उत्तरादाखल म्हटला ते आधी बघा, असं मुलांना सांगत आले. या एका शब्दाच्या बाबतीत मला स्वतःला ते जमलेलं नाही.

धाकटी आजी माझी जाऊ. तिचा नवरा माझा दीर, तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. सावद्याच्या घरात पुढच्या खोलीत त्याचा फोटो आहे, तो तुम्ही पाहिलाय. दाराला टेकून उभा असलेला, कुरळ्या केसांचा. तो मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला होता. मी नवीन लग्न होऊन आले होते, तेव्हा सासूबाईंनी त्याला माझ्या हवाली केला. मी चुलीपाशी भाकऱ्या थापायची आणि तो उंबऱ्यावर बसून धडे वाचायचा. तेव्हाचं आमचं घर तापीच्या काठावरच्या जुन्या गावात होतं, रावेर तालुक्यात. पुढे तो पास झाला, पण त्याला आवडलेलं इंग्रजी एका शब्दापुरतंच. जेवणार का? येस. गुरांना पाणी दाखवलं का? येस. मळ्यात कोण होतं? येस.

मग त्याचं लग्न झालं आणि धाकटी आली. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी तिला मागच्या दारातून हाक मारली. ती आतून म्हणाली, “येस.” सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, नवी सून मोठ्या सुनेची नक्कल करतेय. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तू मनावर नको घेऊ गं. लहान आहे.” मलाही तसंच वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता. दीर मात्र पोट धरून हसत होता. त्याला तिची भाषा तोवर समजायला लागली होती.

त्यानंतर त्याला रानच मोकळं झालं. तो येस म्हणाला की सासूबाई विचारायच्या, “हे येस थोरलीचं का धाकटीचं?”

“येस.”

“याला काही विचारणं म्हणजे विहिरीत वाकून बोलणं. आपलंच आपल्याला ऐकू येतं.”

घरातला हा विनोद होता. घाटावर ते घडलं त्या दिवसापर्यंत तो विनोदच होता.

खाली नदीवर धरण होत होतं आणि आपलं गाव पाण्यात जाणार होतं. सगळ्या गावाने हळूहळू बिऱ्हाडं हलवली. बैलगाड्या होत्या, ट्रॅक्टर होते. आमच्या घराचं बाकी सगळं गेलं होतं. राहिली होती फक्त पुढच्या दाराची सागवानी चौकट. गाडीरस्त्याच्या खड्ड्यांत तिचे सांधे निखळतील म्हणून ती पाण्याने न्यायची ठरली. तुमचे आजोबा बैलगाडी घेऊन खालच्या गावच्या घाटावर थांबले होते. नाववाला दुसऱ्या कोणाच्या सामानात अडकला होता, तेव्हा दीर म्हणाला, मीच नेतो. लहानपणापासून तो नाव वल्हवत आलेला होता. कोणाला त्यात काही वाटलं नाही.

घाटावर आम्ही तिघी होतो, सासूबाई, मी आणि धाकटी. आपल्याकडे नावेत चपला घालून पाय ठेवत नाहीत. तापीमायच्या अंगावर जायचं तर अनवाणी. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि नावेत चढला. आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण तुमच्याकडे ती नाही. निघणाऱ्या माणसाला आपल्यात ‘कुठे’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम अडतं, माणूस अडखळतो. फार तर ‘लांब का?’ म्हणायचं. धाकटीला विचारायचं होतं. कुठे उतरवणार, कुठे जेवणार, परत नावेने येणार की गाडीवर बसून. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि तिने काही विचारलं नाही.

सासूबाईंनी विचारलं. “सारं घेतलं का रे?”

नाव काठापासून सुटली होती. तो पाठमोरा होता, बांबू पाण्यात रोवत होता. त्याने जरा मान वळवली. कोणाकडे बघितलं ते मला तेव्हाही कळलं नाही.

“येस,” तो म्हणाला.

सासूबाईंना म्हणाला असेल, तर त्याचा अर्थ, हो, सगळं घेतलं. धाकटीला म्हणाला असेल, तर त्याचा अर्थ, येतो. मी दोघींच्या मध्ये उभी होते.

खालच्या घाटावर तुमचे आजोबा सूर्य मावळेपर्यंत थांबले. नाव आली नाही. ती दुसऱ्या दिवशी बरीच खाली, वाळूत रुतलेली सापडली. चौकट जशी बांधली होती तशीच होती, एक दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. बांबू नावेत आडवा ठेवलेला होता, माणूस काम झाल्यावर ठेवतो तसा. चपला नव्हत्या.

पुढची सगळी वर्षं आमचं घर या चपलांवर चाललं. पाण्यात पडला असता, तर चपला नावेत राहिल्या असत्या, असं लोक म्हणत. चपला नाहीत म्हणजे त्याने काठावर उतरून त्या पायात घातल्या, आणि चालत गेला. कोणी म्हणे, नाव हेलकावली असेल, त्याच्याबरोबर चपलाही गेल्या असतील. पाणबुडे लावले, काठची गावं पालथी घातली. काही सापडलं नाही. घरात भांडण नव्हतं. कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. आम्ही कारण शोधून शोधून थकलो.

मग सुरत सुरू झाली. खानदेशातली माणसं कामाला सुरतेला जातात आणि तापीही तिथेच जाते, त्यामुळे नदीने गेलेला माणूस सुरतेला पोचला असणार हे सगळ्यांना सरळ वाटलं. वर्षा-दोन वर्षांनी कोणी तरी यायचं. कपड्याच्या बाजारात पाहिला, दाढी होती. बसच्या खिडकीत पाहिला, हाक मारेपर्यंत बस सुटली. तुमचे आजोबा प्रत्येक वेळी गेले. परत आले की अंगणात पाय धुवायचे आणि कोणी काही विचारायचं नाही.

काही बायका सासूबाईंना सुचवायला आल्या, की आता सुनेच्या बांगड्यांचं बघा. सासूबाई जात्याशी बसल्या होत्या. त्यांनी खुंटा सोडलासुद्धा नाही. “येस म्हणून गेलाय तो,” त्या म्हणाल्या. “येणाऱ्याच्या बायकोचं कुंकू कोण पुसणार? तुम्ही?”

हे मी विसरले नाही. प्रश्न त्यांनी स्वतः विचारला होता. मुलाचा शेवटचा शब्द त्यांच्या वाट्याला आला असता, तर तो साधा हो होता. तो त्यांनी सुनेला देऊन टाकला.

चौकट सावद्याच्या घराला बसवली. तुमच्या उंचीच्या खुणा तिच्यावर आहेत. तुम्ही सुटीत येता तेव्हा दिवसातून पन्नासदा तिच्यातून आत-बाहेर पळता. धाकटी तिच्यातून जाताना इतकी वर्षं जरा बाजूने जायची, कोणी समोरून आत येत असावं तशी.

आता कानबाईचं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, तुम्ही ती एकदा पाहिली आहे, नारळाला नथ घातलेली म्हणून तुम्हाला मजा वाटली होती. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्यांसाठी, गहू मोजतात ते मापाने नाही, मुठीने. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, प्रत्येकाची सव्वा. रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, घरच्यांनीच संपवायचे. तुमची मूठ आपल्याकडे नाही, कारण तुम्ही मुलीची मुलं, दुसऱ्या घरची. राग मानू नका. माझ्या माहेरी माझीही नव्हती.

सासूबाई गेल्यावर मूठ टाकण्याचं काम धाकटीकडे आलं. तिने नवऱ्याची मूठ कधी चुकवली नाही. त्याच्या वाटणीचा रोट ती शेवटपर्यंत झाकून ठेवायची आणि मग मागच्या खोलीत नेऊन एकटीच खायची. टाकायचा नसतो ना. तुमचे आजोबा गेले त्या वर्षी त्यांची मूठ बंद झाली. ते सरळ होतं. गेलेल्याची मूठ नसते. मग दोनच राहिल्या, तुमच्या मामाची आणि त्याच्या मुलाची. आणि तिसरी.

मागच्या श्रावणात ती सूप पुढ्यात घेऊन बसली होती. “हाई पोऱ्यानी,” म्हणून एक मूठ टोपलीत टाकली. “हाई नातूनी,” म्हणून दुसरी. तिसरी भरली आणि हात टोपलीवर तसाच राहिला.

“अक्का,” ती म्हणाली, “टाकू का?”

मी चष्मा पुसत होते. “दरवर्षी टाकतेस की.”

“दरसाल टाकस म्हणीसनच इचारस.”

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. ती विचारत नव्हती तोपर्यंत मला उत्तर ठरवावं लागत नव्हतं. टाक म्हणावं तर मी तिला आणखी वाट बघायला लावणार. नको म्हणावं तर तिचं कुंकू मी पुसणार, ज्याला सासूबाईंनी हात लावू दिला नव्हता. मी चष्मा पुसत राहिले. तिने ते गहू टोपलीत टाकले नाहीत आणि सुपातही परत घातले नाहीत. एका फडक्यात बांधले.

त्या रात्री जेवताना तिने तुमच्या मामाला सांगितलं, “ज्या वाटनी ते गयात, ती वाट माले एकदाव दखनी शे.”

“सुरतला जायचंय का काकू? भुसावळहून गाडी आहे. बसायचं आणि सकाळी उतरायचं.”

“ते काय गाडीमा बशीसन गयात?”

मामा हसला. मग तिच्याकडे बघून थांबला. “नदीने म्हणतेस? अगं, मध्ये धरण आहे. खाली बंधारे आहेत, एक झाला की दुसरा. नाव काय भिंतीवरून उडी मारणार?”

“भिंत उनी का उतरसू. भिंत सरनी का परत बठसू.”

भिंत आली की उतरेन, संपली की परत बसेन. तिचं हे असं असतं. पण मामाने मनावर घेतलं. त्याने महिने घालवले. कुठल्या बंधाऱ्याच्या पाण्यात नाव मिळते, कुठे कोरडं आहे, कुठे गाडीने जावं लागेल, हे सगळं लोकांना विचारत बसला. पावसाळा संपून पाणी भरलं आणि निवळलं, की मार्गशीर्षात निघायचं ठरलं. माझे गुडघे मला माहीत आहेत. मी म्हणाले, धरणाच्या भिंतीपर्यंत मी येते, पुढे तुम्ही दोघं.

निघायच्या दिवशी सकाळी माझी बॅग दाराशी तयार होती. गोळ्यांची डबी, थर्मास, बॅटरी, जादाचा चष्मा, प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत. धाकटीचं एक गाठोडं, त्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि पदराच्या टोकाला गव्हाचं ते फडकं गाठ मारून. मामाने विचारलं, “काकू, कपडे?” ती म्हणाली, “आंगवर शेत ना.” शेवटी दोन लुगडी मीच माझ्या बॅगेत कोंबली.

धुकं इतकं होतं की केळीच्या बागांतून जाताना फक्त पुढचे दोन दिवे आणि घडांच्या पिशव्या तेवढ्या दिसत होत्या. काठाला पत्र्याची नाव होती, मागे इंजिन. नाववाला नव्या गावातलाच, मधल्या वयाचा, कानटोपी घातलेला. आदल्या दिवशी फोनवर त्याने मामाकडून सगळं विचारून घेतलं होतं, कुठून बसणार, कुठे उतरणार, किती माणसं. पण आता आम्ही नावेपाशी आलो तेव्हा तो नदीकडे बघत म्हणाला, “लांब का, मावशी?”

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. “लांबच,” ती म्हणाली.

त्याने आम्हाला नारिंगी जाकिटं घातली. आम्ही दोघी पिशवी चढवलेल्या घडांसारख्या दिसत होतो. मी चपला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी बॅगेत. धाकटीने आपल्या चपला हातात धरल्या आणि शेवटपर्यंत हातातच धरल्या. मामा गाडीने भिंतीकडे जाणार होता. तो काठावर उभा होता आणि काही तरी विचारायला त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी नुसती मान हलवली. तो शहाणा आहे. त्याने तोंड मिटलं आणि हात वर केला.

इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं. काठ लगेच गेला. पाणी आणि धुकं एकाच रंगाचं होतं, कुठे काय सुरू होतं ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने बदकांचा आवाज आला, खूप बदकांचा, पण एकही दिसलं नाही. नाववाला ओरडून म्हणाला, “पक्षीवाले येतात ते माना वर करून बसतात. तुम्ही पहिल्याच बघतोय, खाली बघताय.”

धाकटी नावेच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत होती. मान न उचलता म्हणाली, “आमना पक्षी खालेच शेत.”

तो हसला, पण अर्धवट. मग त्याने इंजिन बंद केलं आणि पंखा वर उचलून घेतला. खाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत, ते लागतात, म्हणून इथून बांबूने न्यावं लागतं, असं तो म्हणाला. “इथं खाली गाव आहे म्हणतात.”

“म्हणतात नाही,” मी म्हणाले. “आहे.”

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता आली, ती अजून माझ्या कानात आहे. बांबू पाण्यात जायचा, वर यायचा, त्याच्यावरून पाणी ओघळायचं. एकदा तो खाली गेला आणि टक् असा आवाज आला. चिखलाचा नव्हे, दगडाचा. नाववाल्याने पुन्हा टेकवून बघितला. पुन्हा टक्.

“पायरी असंल,” तो म्हणाला.

“आठेच,” धाकटी म्हणाली. “आठेच, अक्का.” इथेच.

धुक्यात सातपुडा दिसत नव्हता, काठ दिसत नव्हता, तिने कशावरून ओळखलं मी विचारलं नाही. मलाही तेच वाटत होतं. पायाखाली आपला घाट आहे, त्याच्या वरच्या पायरीवर तीन बायका उभ्या आहेत आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून चाललोय. त्यांतल्या मधलीने वर बघितलं तर तिला नावेचा तळ दिसेल.

धाकटीने पाण्यात हात घातला. आणि मग ती बोलली, मोठ्याने नाही, घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला दारातून विचारावं तितक्याच आवाजात.

“कथा जाई राह्यनात?”

कुठे निघालात? जे त्या दिवशी तिने पदर गुंडाळत गिळलं होतं. ‘तुम्ही’ म्हणून, तेव्हा म्हणाली असती तसंच. नाववाल्याचा बांबू पाण्यातच राहिला. ‘कुठे’ विचारलं गेलं, हे त्यालाही कळलं होतं.

धुक्यातून आवाज आला. “येतो, येतो.”

पुरुषाचा, मोकळा, घाईत असलेल्या माणसाचा. कुठल्या बाजूने ते कळलं नाही. माझ्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडून घरंगळत गेलं. नाववाल्याने घसा खाकरला. “जाळीवाला असंल,” तो म्हणाला. “सकाळी जाळी काढायला येतात. काठावरून कोणी हाक मारली असंल त्याला.”

असेलच. मी स्वतःला तेव्हाही तेच सांगितलं आणि आजही सांगते. फक्त एवढंच, की आम्ही हाक ऐकली नव्हती. आम्ही नुसतं उत्तर ऐकलं होतं.

धाकटीचा हात पाण्यातच होता. घाबरलेली नव्हती. एखादी गोष्ट चाखून बघावी तसे तिचे ओठ हलत होते.

“आवाज तरणा शे,” ती म्हणाली.

“हं.”

“ते आते म्हातारा असतीन, अक्का. मी तं तरणानीच वाट दखस.”

मी तिचा हात पाण्यातून काढून माझ्या पदराने पुसला. गार पडला होता. तिने दुसऱ्या हाताने पदराची गव्हाची गाठ चाचपली, सोडायला घेतली. मला वाटलं, आता ती गहू पाण्यात सोडणार. नाववाल्यालाही तेच वाटलं असावं. त्याने कानटोपी काढली आणि तोंड दुसरीकडे केलं. पण तिने गाठ सोडली ती पुन्हा घट्ट मारण्यासाठी. मग तो इंजिन सुरू करायला उठला.

भिंत धुक्यातून अचानक समोर आली. काठाला मामा गाडी घेऊन उभा होता, आजोबा बैलगाडी घेऊन उभे असतील तसा, आणि नाव दिसल्यावर त्याने जो श्वास सोडला तो मी लांबून पाहिला. इथून मी परत जाणार होते. मामाच्या ओळखीचा एक रिक्षावाला मला सावद्याला सोडणार होता. त्यांना पुढे गाडीने जाऊन खालच्या पाण्यात दुसरी नाव धरायची होती.

धाकटी गाडीत बसली. मी तिची लुगडी, भाकरीचं गाठोडं, पाण्याची बाटली आत दिली. माझ्या तोंडाशी सासूबाईंचा प्रश्न आला. अगदी त्याच शब्दांत, त्याच सुरात. मी तो आतच ठेवला. दार लावून मागे सरले.

तिने काच खाली केली.

“बठ्ठं लिधं,” ती म्हणाली. सगळं घेतलं. मग जरा थांबून, माझ्याकडे बघत, “येस, अक्का.”

गाडी वळून गेल्यावरही मी तिथेच उभी होते. रिक्षावाल्याला वाटलं, मला चक्कर आली. कोणी काही विचारलेलं नव्हतं आणि तिने दोन्ही उत्तरं वेगवेगळी करून दिली होती. तिच्या त्या एका ‘येस’चा अर्थ मला लागला.

पुढचा प्रवास मी केला नाही, म्हणून मामाने सांगितलं तेवढंच लिहिते. काही ठिकाणी नाव मिळाली, काही ठिकाणी पाणीच नव्हतं आणि ते काठाकाठाने गाडीने गेले. शिरपूरकडे तिचं माहेर लागलं, तिथे ती उतरली नाही. परत येताना बघू म्हणाली. सुरतेत नदी एवढी रुंद, की तिला ती आपली वाटेना. मामा म्हणाला, काकू पहिल्या दिवशी चहाच्या टपऱ्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे बघत फिरली. फक्त म्हातारे. एकेकासमोर थांबायची, नीट बघायची, पुढे जायची. एक जण रागावला, “काय पाहिजे बाई?” म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने बघणं थांबवलं. काठावर बसून भाकरी खाल्ली आणि म्हणाली, चल.

ती घरी आली तेव्हा मी दारात होते. ती चौकटीतून आली, मधून, बाजूने नाही. पदराला गाठ तशीच होती. मी विचारलं नाही.

या श्रावणात कानबाई बसली. धाकटीने सूप घेतलं. “हाई पोऱ्यानी.” “हाई नातूनी.” मग तिने डब्यातून ते फडकं काढलं आणि वर्षभराची गाठ सोडली. गव्हाला सोंडे लागले होते. तिने ते उन्हात धरून पाखडले, एकेक किडा वेचला, उरलेले हातात घेतले आणि टोपलीत टाकले. मूठ पुरती भरत नव्हती, म्हणून वर सुपातले थोडे घातले.

“ही कोणाची?” मी विचारलं.

“मन्ही.”

बायकांची मूठ नसते. आमच्या कानबाईला कधी नव्हती. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी विचार केला, आणि त्यांनी जात्याचा खुंटा सोडला नसता असं मला वाटलं.

“मूठ तं मन्हीच व्हती, अक्का,” ती गहू सारखे करत म्हणाली. “रोटबी मीच खास. नाव तेवढं त्यासनं.”

कुंकू तिने पुसलं नाही. त्या दिवशी तिने आपला रोट मागच्या खोलीत नेला नाही. पुढे उंबऱ्यावर बसून खाल्ला, आणि मला म्हणाली की पुरण या खेपेला गोड कमी झालंय, थोरलीचा हात आहे ना. मी म्हणाले, वाढलंय त्याहून तुला एक तुकडा जास्त मिळणार नाही.

पण अजूनही मी स्वयंपाकघरातून तिला चहाला हाक मारते आणि मागच्या अंगणातून ‘येस’ येतं, तेव्हा माझा हात गाळणीवर थांबतो. तिची पावलं ऐकू येईपर्यंत मी चहा ओतत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ती पडद्याच्या बाहेरून येस म्हणाली की खुशाल हसा. पण फोन ठेवू नका. ती समोर येऊन बसेपर्यंत थांबा.